पाण्याचा घोट

श्रोतेहो, नमस्कार. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेलं माणूस घरी आलं की घरचे आधी पाण्याचं भांडं पुढे करतात. जेवण नको तर नको, घोटभर पाणी तरी घ्या! मायेपोटीच म्हणतात. पण अशा माणसाला गिळायला बहुतेकदा सगळ्यांत अवघड जातं ते पाणीच.

आत्ता गळ्यावर, कंठमण्याशी, अलगद बोट ठेवा आणि आवंढा गिळा. मणी वर सरकून खाली आला ना? तेवढ्यात जिभेने टाळूवर दाब देऊन घास मागे लोटला, मऊ टाळूने नाकाची वाट अडवली, स्वरयंत्र वर उचललं गेलं, स्वरतंतू मिटले, श्वास थांबला आणि अन्ननलिकेचं तोंड उघडलं. सगळं साधारण 1 सेकंदात.

झटक्यानंतर किंवा पार्किन्सनच्या आजारात हे सुरू व्हायलाच उशीर होऊ शकतो. पाणी तेवढं थांबत नाही. श्वासनलिका मिटायच्या आत ते तिथे पोचतं. दाट द्रव सावकाश वाहतो, म्हणून स्नायूंना सवड मिळते. मात्र फार दाट केलं तर कमजोर जिभेला ते लोटवत नाही आणि घशातच साचून राहतं. म्हणून दाटपणा मोजतात. ठरावीक मापाच्या सिरिंजमध्ये 10 मिली द्रव घेऊन 10 सेकंद वाहू द्यायचा आणि किती उरला ते पाहायचं. पाणी सगळं निघून जातं. 4 ते 8 मिली उरलं तर ती दाटपणाची 2 क्रमांकाची पातळी. कुणाला कोणती पातळी, हे गिळणं तपासून स्पीच थेरपिस्टच, म्हणजे बोलण्याचे आणि गिळण्याचे त्रास हाताळणारे तज्ज्ञच ठरवतात. अंदाजाने सगळंच घट्ट करू नका, त्याने माणूस पाणी कमी पितो.

आपल्याकडे तांदळाची पेज देतात. तिच्यातला स्टार्च लाळेने फुटतो आणि पेज पातळ होते. तोंडातला चमचा पुन्हा वाटीत बुडवला की वाटीतली पेजही हळूहळू सैल पडते. म्हणून एका वेळेपुरती थोडीच वेगळी काढून घ्या, उरलेली झाकून ठेवा.

दुधात पोहे, रश्शात भाकरीचे तुकडे, असा पातळ-घट्ट एकत्र घास टाळा. माणसाला ताठ बसवा, टीव्ही बंद करा, छोटा चमचा घ्या, पहिला घास गिळल्याची खात्री करूनच दुसरा द्या. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. आणि दात, जीभ रोज नीट स्वच्छ करा. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो, हे फार घरांत लक्षातच येत नाही.

ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. काहींच्या घशाची संवेदनाच गेलेली असते, पाणी श्वासनलिकेत उतरलं तरी खोकला येत नाही. जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता येत असेल, वारंवार ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर तोंडाने देणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.