पाण्याकडे तोंड असलेली शहरे

(बडोद्यातील मराठी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

आपल्यापैकी काही जण पुढच्या हंगामात तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावर जाणार आहेत. पहिले काही दिवस बसने प्राचीन स्थळे पाहायची आणि नंतरचा आठवडा शिडाच्या लाकडी बोटीवरून किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे, असा बेत आहे. संयोजकांनी मला सहलीचे पत्रक दाखवले. त्यात पहिल्या भागाला ‘इतिहासदर्शन’ आणि दुसऱ्या भागाला ‘निवांत विश्रांती’ अशी नावे दिली आहेत. ही वाटणी मला मान्य नाही. या किनाऱ्याचा इतिहास समजून घ्यायचा तर बोट हे त्याचे साधन आहे, आणि ती विश्रांतीच्या रकान्यात टाकली की निम्मी सहल हातची जाते, हेच मला आज सांगायचे आहे.

फेथिये आणि अंतालिया यांच्या दरम्यान समुद्रात घुसलेला जो डोंगराळ भाग आहे, त्याला प्राचीन काळी लिसिया म्हणत. टॉरस पर्वताच्या रांगा येथे जवळजवळ थेट पाण्यात उतरतात. काठाने जाणारा मोटाररस्ता अलीकडचा, गेल्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. त्याआधी एका गावातून दुसऱ्या गावात जाण्याची सोयीची वाट पाण्यावरूनच होती. त्यामुळे येथल्या शहरांच्या वेशी, धान्यकोठारे, दीपगृहे आणि मातबरांची थडगीसुद्धा समुद्रावरून येणाऱ्याला दिसतील अशा बेताने बांधलेली आहेत. आज बसने जाणारा प्रवासी या शहरांत परसदारातून शिरतो, आणि मग दर्शनी बाजू शोधत उन्हात हिंडतो.

जमिनीवरच्या भागात तुम्ही एफेसस हे प्राचीन शहर पाहणार आहात. तेथे भव्य नाट्यगृहापासून सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा, दुतर्फा खांबांचे अवशेष असलेला एक फरसबंद रस्ता सरळ पश्चिमेकडे जातो आणि दलदलीत संपतो. हा बंदराचा रस्ता होता. नदीने आणलेल्या गाळाने बंदर बुजत गेले आणि समुद्र कित्येक किलोमीटर मागे हटला. जवळच्या मिलेटसची गत याहून चमत्कारिक आहे. इ. स. पू. ४९४ मध्ये आयोनियन ग्रीक आणि इराणी साम्राज्य यांच्यात ज्या लादे बेटापाशी आरमारी लढाई झाली, ते बेट आता मिआंडर नदीच्या गाळाच्या सपाटीत एक टेकाड होऊन बसले आहे आणि भोवताली कापसाची शेते आहेत. खंभातचे बंदर माहीच्या गाळाने कसे निकामी झाले, हे ज्यांना ठाऊक आहे त्या बडोदेकरांना यात नवल वाटणार नाही. आपल्या भडोचविषयी पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाने लिहून ठेवले आहे की नर्मदेच्या मुखाशी उथळ वाळूचे पट्टे आणि भरतीचा जोर इतका असतो की स्थानिक राजाच्या सेवेतले कोळी आपल्या होड्या घेऊन पुढे येतात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत नेतात. मार्गदर्शक घेऊन बंदरात शिरण्याची प्रथा आपल्या दारात दोन हजार वर्षांची आहे म्हणायची.

आता भरतीचा विषय निघालाच आहे तर लिसियाच्या किनाऱ्याजवळच्या केकोवा बेटाविषयी सविस्तर सांगतो, कारण त्या ठिकाणी खंभातच्या आखाताची सवय असलेल्या माणसाची हमखास फसगत होते. आपल्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत आणि भावनगरच्या बाजूला त्याहूनही अधिक असतो. संस्थानकाळी बडोद्याकडे असलेल्या ओखामंडळातही पाणी चांगले चढते-उतरते. भूमध्य समुद्रात मात्र हा फरक बहुतेक ठिकाणी हातभरही नसतो. केकोवा बेटाच्या उत्तर काठाने बोट अगदी संथ जाऊ लागते तेव्हा खडकात कोरलेला एक जिना दिसतो. त्याच्या वरच्या पायऱ्या कोरड्या, मधल्या शेवाळलेल्या आणि खालच्या हिरवट पाण्यात उतरत दिसेनाशा होणाऱ्या. शेजारी घरांच्या भिंतींचे तळखडे, तुळया बसवण्यासाठी खडकात पाडलेल्या चौकोनी खोबण्या आणि पाण्याखाली फुटक्या रांजणांचे तुकडे असतात. आपल्याकडचा माणूस सहज म्हणून जातो की ओहोटी लागली की सगळे उघडे पडेल. ते कधीच पडणार नाही, कारण तेथे पाणी चढलेले नसून भूकंपांमुळे जमीनच खचलेली आहे. भरती-ओहोटी नगण्य असल्यामुळे पाण्याची रेघ वर्षभर जवळपास एकाच जागी राहते, आणि जमीन किती खाली गेली हे त्या जिन्याच्या पायऱ्यांवरून कोणालाही मोजता येते. अवशेषांजवळ पोहण्यास आणि बुडी मारण्यास बंदी आहे व ती योग्यच आहे. हे सारे रस्त्यावरून दिसत नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

समोरच्या काठावर सिमेना, म्हणजे आजचे कालेकोय, हे छोटे गाव आहे. वर किल्ला आणि खाली उथळ पाण्यात एकटे उभे असलेले दगडी थडगे. लिसियातल्या या थडग्यांची झाकणे उलट्या होडीसारखी दिसतात, आणि बहुतेक गाइड तसेच सांगून मोकळे होतात. अभ्यासकांचे मत असे की हा आकार लाकडी घराच्या छपराचा आहे. मायरा या प्राचीन नगरात उभ्या कड्यात कोरलेली थडगी पाहताना हे मत पटते, कारण तेथे दगडातही तुळयांची गोल टोके आणि लाकडाचे सांधे हुबेहूब कोरलेले आहेत.

बोटीची थोरवी सांगताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. लिसियातले सगळ्यात महत्त्वाचे स्थळ, पातारा, बोटीने गाठता येत नाही. एके काळी ते मोठे बंदर होते. आता बंदराची खाडी वाळू आणि गाळाने भरली आहे आणि समोरचा लांबच लांब किनारा उघडा आहे, शिवाय तो समुद्री कासवांच्या विणीसाठी राखलेला आहे. तेव्हा काल्कानला बोट थांबवून तेथून गाडीने जावे लागते, आणि ही फेरी पत्रकात नसेल तर ती आग्रहाने घालून घ्यावी. पाताऱ्याला लिसियन संघाचे सभागृह आहे. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की संघात २३ नगरे होती. मोठ्या नगराला तीन मते, मध्यमाला दोन आणि बाकीच्यांना एक. अठराव्या शतकात अमेरिकेच्या राज्यघटनेवर वाद चालू होता तेव्हा या जुन्या संघाचा दाखला दिला गेला, तो याच प्रमाणबद्ध मतदानामुळे. सभागृहाच्या पायऱ्यांवर पंधरा मिनिटे बसावे, एवढे तरी वेळापत्रकात असावे. तेथून जवळच असलेल्या झँथसला एका उंच थडग्यावरची शिल्पे पाहाल ती प्रतिकृती आहेत. मूळ शिल्पे चार्ल्स फेलोज या इंग्रज प्रवाशाने १८४० च्या दशकात लंडनला नेली आणि ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. झँथस आणि त्याचे देवस्थान लेतून यांना १९८८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

मायऱ्याचे बंदर आंद्रियाके. तेथे सम्राट हेड्रियनच्या काळातले प्रचंड धान्यकोठार उभे आहे आणि त्यात आता संग्रहालय आहे. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या भागात पौल कैदी म्हणून रोमला नेला जात असताना मायऱ्याला त्याला अलेक्झांड्रियाहून इटलीकडे निघालेल्या जहाजावर चढवले, असे आले आहे. इजिप्तचे धान्य रोमला पोचवणाऱ्या जहाजांच्या वाटेवरचा हा थांबा होता, हे लक्षात घेतले की कोठाराचा आकार अवाजवी वाटत नाही. नाताळबाबाचे मूळ मानला जाणारा संत निकोलस येथलाच बिशप, हे तुम्हांला गाइड न विचारताच सांगेल.

काश गावाच्या आग्नेयेला उलुबुरून नावाचे भूशिर आहे. वरून पाहण्यासारखे तेथे काहीही नाही, आणि तरीही बोट तेथून जाताना सर्वांनी डेकवर यावे असे मी सुचवीन. १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याने आपल्याला खाली ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ दिसल्याचे सांगितले. ती तांब्याच्या लगडी होत्या. १९८४ ते १९९४ या काळात, ४० मीटरहून अधिक खोलीवर, हजारो बुड्या मारून त्या जहाजाचे उत्खनन झाले. इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या त्या जहाजात सुमारे दहा टन तांबे आणि एक टन कथील होते, म्हणजे कासे ओतण्यासाठी लागणारे नेमके प्रमाण. शिवाय निळ्या काचेच्या लगडी, हस्तिदंत, आबनूस, बाल्टिक प्रदेशातला अंबर आणि इजिप्तची राणी नेफर्तिती हिचे नाव कोरलेला सोन्याचा एक भुंगा. हा सगळा ऐवज बोद्रुमच्या किल्ल्यातल्या सागरी पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तुमच्या पत्रकात बोद्रुम सुरुवातीला ठेवले आहे. शक्य असल्यास ते शेवटी न्यावे. किनारा पाहून झाल्यावर त्या वस्तूंपुढे उभे राहणे वेगळे असते.

बोटीला तेथे गुलेत म्हणतात. दोन डोलकाठ्यांची, रुंद पोटाची ही लाकडी बोट स्पंजवाल्यांच्या आणि मालवाहू बोटींवरून घडत आली आहे. सध्याच्या गुलेत बहुतांशी इंजिनावर चालतात, आणि कित्येक बोटींवरची शिडे छायाचित्रापुरतीच उरली आहेत. म्हणून आरक्षणापूर्वी लेखी विचारावे की वारा अनुकूल असेल तेव्हा शिडे उभारणार का. वाऱ्याचे म्हणाल तर एजियनमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये वायव्येचा मेल्तेमी वाहतो आणि दुपारी त्याला जोर चढतो. जाणता कप्तान पहाटे निघतो आणि दुपारच्या आत आडोशाच्या खाडीत नांगर टाकतो. ज्यांना बोट लागते त्यांनी हे लक्षात ठेवावे, आणि ज्यांना लागत नाही असे वाटते त्यांनीही. मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. सप्टेंबरात पाणीही उबदार असते.

मार्गदर्शकाविषयी एक व्यावहारिक बाब. तुर्कस्तानात स्थळांवर माहिती सांगण्याचा अधिकार परवानाधारक गाइडलाच आहे. तुमच्याबरोबर येणारा मराठी व्यवस्थापक कितीही वाचलेला असला तरी त्याला तेथे उभे राहून व्याख्यान देता येत नाही. बऱ्याच सहलींत हा गाइड बसच्या भागापुरता असतो आणि बंदरावर निरोप घेतो. खर्च वाचवण्याचे कारण साधे आहे: बोटीवर त्याला एक केबिन द्यावी लागते आणि ती विकता येत नाही. पण केकोव्याचा जिना इंजिन मंद झाल्यावर दहा मिनिटांत मागे पडतो, आणि त्या दहा मिनिटांत सांगणारा माणूस डेकवर नसेल तर सगळे जण फोन वर धरून उभे राहतात. त्या केबिनचे पैसे गटाने वाटून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाण्याची चिंता करू नये. ऑलिव्ह तेलात शिजवलेली वांगी, शेंगा, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, दही यांवर शाकाहारी माणूस मजेत राहतो. फक्त भात आणि मसुराचे सूप मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे विचारून घ्यावे. लीलो चेवडो (आपला बडोद्याचा ओलसर चिवडा) न्यायचाच असेल तर न्या, खलाशी तो आवडीने खातात. बोटीवर चपला काढून चढायचे असते, हे आपल्याला शिकवावे लागणार नाही.

गुडघ्यांविषयी बऱ्याच जणांनी विचारले आहे. एफेससला वरच्या दाराने शिरून उताराने खाली यावे, म्हणजे चढ टळतो. सिमेनाच्या किल्ल्याचा चढ खडा आहे. तो न करता खाली घाटावर चहा घेत बसता येते. खरी अडचण बोटीवरच असते: धक्क्यावरून बोटीवर जाणारी अरुंद फळी, छोट्या होडीतून वर येण्याची शिडी आणि केबिनकडे उतरणारा उभा जिना. तेव्हा नाव नोंदवताना केबिन कोणत्या बाजूची यावरून वाद घालण्यापेक्षा त्या जिन्याला कठडा आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.