फिरखो: डॉक्टर आणि लोकप्रतिनिधी

मंडळी, जर्मन डॉक्टर रूडोल्फ फिरखो हे नाव वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना पेशींमुळे माहीत असतं. रोगाचं मूळ पेशीतल्या बिघाडात शोधायला त्यांनी शिकवलं. १८५८ सालचा त्यांचा ग्रंथ त्यावरच आहे. मला आज दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय. हा माणूस राजकारणात का गेला?

याचं उत्तर अप्पर सायलेशियात आहे, म्हणजे तेव्हाच्या प्रशिया या जर्मन राज्यातल्या एका गरीब भागात. १८४८ च्या फेब्रुवारीत तिथल्या टायफसच्या, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या तापाच्या, साथीची पाहणी करायला प्रशिया सरकारने फिरखोंना पाठवलं. वय सव्वीस. जेमतेम तीन आठवडे ते तिथे होते. पोलिश बोलणारी, भुकेने खंगलेली माणसं त्यांनी जवळून पाहिली. अहवालात रोगाचं वर्णन सविस्तर आहेच, पण उपाय काय सुचवले? शिक्षण, आणि तेही मुलींसकट. लोकांच्या भाषेत, पोलिशमध्ये, कारभार. रस्ते. गरिबांच्या मानेवरचं करांचं ओझं श्रीमंतांवर. आणि पूर्ण लोकशाही! सरकारनेच पाठवलेला एक तरुण डॉक्टर राजाच्या सरकारला हे लिहून देतो, याचं धाडस मला आजही थक्क करतं.

ते बर्लिनला परतले आणि मार्चमध्ये राजसत्तेविरुद्ध क्रांती पेटली. फिरखो रस्त्यावर अडथळे रचायला धावले. त्याच वर्षी काढलेल्या साप्ताहिकात त्यांनी लिहिलं, ‘वैद्यक हे सामाजिक शास्त्र आहे आणि राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावरचं वैद्यकच.’ सरकारची मर्जी गेली. १८४९ मध्ये बर्लिन सोडून ते बव्हेरियातल्या व्युर्त्सबुर्गला गेले. परतले १८५६ मध्ये.

पुढे १८६१ मध्ये उदारमतवादी प्रोग्रेसिव्ह पक्ष स्थापण्यात ते होते. प्रशियाच्या सभागृहात पंतप्रधान बिस्मार्कना त्यांनी इतकं अडवलं, की १८६५ मध्ये बिस्मार्कनी त्यांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. फिरखोंनी ते साफ नाकारलं. कॅथलिक चर्चविरुद्धच्या मोहिमेत मात्र ते याच बिस्मार्कच्या बाजूने उभे राहिले. सायलेशियातल्या पोलिश गरिबांसाठी लिहिणाऱ्याने त्यांच्याच धर्मसंस्थेवर सरकारचा बडगा चालू द्यावा, हे मला पटत नाही. १८८० ते १८९३ ते राईशस्टागचे, म्हणजे जर्मन साम्राज्याच्या संसदेचे, सदस्य होते. पण तिथे विरोधकाच्या हाती फारसं काही नव्हतं.

त्यांचं खरं काम बर्लिनच्या नगरसभेत झालं. १८५९ पासून १९०२ मध्ये मरेपर्यंत ते तिथले सभासद होते. डुकराच्या मांसातून माणसाला कृमीची बाधा होते, म्हणून मांसाची तपासणी सक्तीची करा, असा त्यांनी धोशा लावला. शहरासाठी नवी रुग्णालयं उभारायला लावली. त्या काळी बर्लिनच्या रस्त्यांच्या कडेने उघड्या गटारांतून घाण वाहायची. ती नदीत सोडावी की कसं, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. फिरखोंनी मोठा अहवाल तयार केला, जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याने आराखडा आखला आणि १८७३ मध्ये निर्णय झाला: भुयारी गटारं बांधायची, मैलापाणी पंपांनी शहराबाहेर न्यायचं आणि तिथल्या शेतजमिनीत जिरवायचं.