तुमचा विद्यार्थी ‘व्हिज्युअल’ आहे का?

नमस्कार. आजचा व्हिडिओ शिक्षकांसाठी आहे, पण पालकांनीही थांबा. तुमच्या खिशाचाही प्रश्न आहे यात.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक स्लाइड हमखास येते. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. तेव्हा प्रत्येक मुलाची ‘लर्निंग स्टाइल’ ओळखा आणि त्याला तसंच शिकवा. हे इतकं पटकन पटतं की हात वर करून कोणी विचारतच नाही, अहो, हे कोणी तपासलंय का?

तपासलंय. ते सांगते, पण आधी हे आलं कुठून? सगळ्यात गाजलेली प्रश्नावली ‘व्हार्क’. ती केली न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी. हे गृहस्थ आधी शाळा तपासनीस होते. बघणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे आणि करून बघणारे असे चार प्रकार त्यांनी पाडले. १९९२ मध्ये कॉलीन मिल्स यांच्याबरोबरचा त्यांचा लेख आला आणि हे सगळीकडे पसरलं. फ्लेमिंग एकटे नव्हते. २००४ मधल्या एका ब्रिटिश आढाव्यात शिकण्याच्या शैलींचे तब्बल ७१ नमुने मोजले गेले. ७१! सांगा आता, वर्गात कुठला वापरायचा?

मग २००८ मध्ये हॅरल्ड पॅश्लर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी साधा सवाल केला. हा दावा खरा ठरवायचा तर प्रयोग कसा हवा? मुलांचे बघणारे आणि ऐकणारे असे गट पाडा. प्रत्येक गटातल्या काही मुलांना चित्रांतून शिकवा, काहींना बोलून, आणि कोणाला कसं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. शेवटी सगळ्यांना एकच पेपर द्या. बघणाऱ्यांना चित्रांतून जास्त मार्क आणि ऐकणाऱ्यांना बोलून जास्त मार्क मिळाले, तरच दावा खरा. असे नीट केलेले अभ्यास त्यांना जेमतेम सापडले, आणि त्यातले बरेचसे दाव्याच्या विरोधात जाणारे निघाले.

इथे एक गोष्ट नीट ऐका. मुलांना आवडीनिवडी असतात, हे कोणी नाकारत नाही. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त समजतं, हे वेगळं विधान आहे, आणि आधार नाही तो त्याला. ‘बहुविध बुद्धिमत्ता’, म्हणजे बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते, असं म्हणणारे मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचं नाव यात नेहमी ओढलं जातं. त्यांनी स्वतः २०१३ मध्ये लिहून सांगितलं, की माझा सिद्धांत म्हणजे लर्निंग स्टाइल्स नव्हेत.

आता पालकांसाठी. बोटांचे ठसे स्कॅन करून मुलाच्या शिकण्याच्या पद्धतीचा रंगीत अहवाल देणारी चाचणी असते, डीएमआयटी. ठशांवरून हे कळतं याला शास्त्रीय आधार नाही. ते पैसे सहलीवर खर्च करा, मूल तरी खूश होईल.

मग सगळ्यांना एकाच साच्यात शिकवायचं का? मुळीच नाही. फक्त साधन निवडताना मुलाच्या लेबलाकडे बघायचं नाही, विषयाकडे बघायचं. सह्याद्रीच्या रांगा नकाशावरच दाखवाव्या लागतात, मूल कितीही ‘ऐकणारं’ असो. ओवी कानावर पडायलाच हवी. होकायंत्र हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

अपूर्णांक घ्या. चौथी-पाचवीच्या कुठल्याही वर्गात विचारा, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? बरीच मुलं ठामपणे सांगतील, चतुर्थांश. का? तर चार तीनापेक्षा मोठे! इथे चित्र की गोष्ट हा वाद व्यर्थ आहे.

(कागदाच्या दोन पट्ट्या कॅमेऱ्यासमोर)

सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या द्या. एकीचे चार भाग करा म्हणा. अर्ध्याचं अर्धं, झालं. दुसरीचे तीन करायला सांगा आणि मग गंमत बघा. हे असं दुमडतात, एक भाग मोठा राहतो, दुसरा बारका. कोणीतरी उरलेला तुकडा फाडूनच टाकतं. वर्गात कुरकुर सुरू होते, “बाई, हे सारखे नाही आले.” तुमचा धडा इथे सुरू होतो, कारण ‘समान’ हा शब्द मुलांनी स्वतः उच्चारलाय. मग दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवा. नंतर फळ्यावर संख्यारेषा काढा, शून्य ते एक, आणि दोन्ही अपूर्णांक कुठे बसतील ते विचारा. मग बाजारातलं पाव किलो आणि पाऊण किलो येऊ द्या. चिन्हं सगळ्यात शेवटी. यात बघणं, बोलणं, करणं, लिहिणं सगळं आलं, आणि ते सगळ्या मुलांसाठी आलं.

खरा फरक असतो तो मूल कुठे अडलंय याचा. पाचवीतलं एक मूल गोष्ट घडाघडा वाचतं, शेजारचं जोडाक्षराला ठेचकाळतं. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने हेच धरलं. मुलाला अक्षर येतं, शब्द येतो, परिच्छेद येतो की गोष्ट, एवढं तपासायचं आणि दिवसातला काही वेळ इयत्ता विसरून त्याप्रमाणे गट करायचे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘प्रथम’च्या कामाची मुंबई आणि बडोद्यात पाहणी केली. मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या पातळीवरून वेगळं शिकवल्यावर गुण वाढलेले दिसले. गट मात्र दर काही आठवड्यांनी बदलले पाहिजेत, नाहीतर ‘ढ’चा बाक तयार होतो. तो आपल्याकडे आधीच पुष्कळ आहे.

आता स्वभाव. प्रत्येक वर्गात “बाई मी, बाई मी” करणारे तिघं-चौघं असतात आणि तास त्यांच्याशीच चालतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी मोजलं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं, तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद म्हणजे किती ते बघा.

(थांबून)

अवघड वाटलं ना? मलाही वाटतं. त्याहून सोपा उपाय आपल्या आजीच्या काळातला आहे, पाटी. प्रश्न विचारा, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं आणि ‘वर’ म्हटलं की एकदम दाखवायचं. लाजऱ्या मुलीला चाळीस जणांसमोर तोंड उघडावं लागत नाही, आगाऊ मुलाला उत्तर फोडता येत नाही, आणि तुम्हाला एका नजरेत कळतं किती जण अडलेत. कोपऱ्यातलं मूल चुकलं तरी गाजावाजा होत नाही.

अबोल मुलाला ‘इंट्रोव्हर्ट’ म्हणायची घाई मात्र करू नका. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल पहिलीत मराठीसमोर गप्प बसतं, तो त्याचा स्वभाव नव्हे. डहाणू तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यासमोर वारली मुलं होती, आणि त्यातली कितीतरी दिवसभर गुरांमागे. त्यांना आळशी ठरवणं सोपं होतं. या दोघींनी शाळाच कुरणावर नेली, ‘कुरणशाळा’.

तेव्हा तुमच्या वर्गातलं एखादं गप्प मूल उद्या मधल्या सुट्टीत बघा. तिथे भरभरून बोलत असेल, तर अडचण भाषेची आहे किंवा आपल्या तासाची. भाषेची असेल तर काय करायचं, मुलांची बोली पहिल्या दहा मिनिटांत वर्गात कशी आणायची, ते पुढच्या व्हिडिओत दाखवते. पाटी घेऊन बसा.