आत्याचा पिवळा फोन

नमस्कार, श्रोतेहो. अँड्रॉइड बरा की आयफोन बरा, हा वाद आता लग्नाच्या पंगतीपर्यंत पोचलाय. बोलणाऱ्यांचे आवाज असे चढतात की वाटावं, कुणी यांच्या घरातल्या माणसाला नावं ठेवली. हा जीव नेमका कशात अडकतो, त्याबद्दल आज बोलू या.

आधी फरक सांगतो, थोडक्यात. आयफोन आला 2007 साली. फोनही अ‍ॅपलचा आणि तो चालवणारी आयओएस ही प्रणालीही अ‍ॅपलचीच. त्यामुळे सगळीकडे एकच शिस्त. अँड्रॉइड गूगलची, पण फोन बनवणाऱ्या कंपन्या अनेक. त्याचा पहिला फोन 2008 मध्ये आला. इथे मोकळीक जास्त, फोन उघडल्यावर दिसणारं पहिलं पान हवं तसं मांडून घ्या. एकीकडे शिस्त, दुसरीकडे मोकळीक. शिस्त आणि मोकळीक, एवढं ध्यानात असू द्या.

या दोघांच्या जोडीला एक तिसराही होता, मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन. आणि तो होता माझ्या आत्याकडे, वाईला. लुमिया 520, पाठ पिवळीधमक. त्याच्या पडद्यावर चौकोनी टाइल्स असायच्या आणि त्या टाइलवर माणूस बसवता यायचा, फोटोसकट. आत्याने आपला सगळा गोतावळा तिथे मांडला होता. वर डावीकडे थोरला मुलगा, त्याच्या शेजारी पुण्याची लेक, मधे नात, खाली कोपऱ्यात दूधवाला. दूधवाल्याला तिने दारात उभं करून फोटो काढला होता, हातातल्या किटलीसकट! चष्मा कपाळावर असला तरी आत्याचा फोन चुकीच्या माणसाला लागत नसे.

त्या फोनची पाठ नखाने उघडायची आणि बॅटरी हातात यायची. माझं तर ठाम मत आहे, बॅटरी घरच्या घरी बदलता आलीच पाहिजे. फोन धडधाकट असताना केवळ बॅटरीपायी दुकानाची पायरी का चढायची? असो.

पुढे विंडोज फोनचे दिवस भरले. 31 डिसेंबर 2019 नंतर त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही चालणार नव्हतं. नातीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच यायचे, तेव्हा फोन बदलणं आलंच. संक्रांतीला सगळे वाईला जमलो. थोरल्याने आपला वापरलेला, पण उत्तम स्थितीतला आयफोन आणला होता. लेकीने नवा अँड्रॉइड. दोघं भावंडं तिळगूळ हातात धरून तासभर भांडली. कॅमेरा कुणाचा चांगला, अपडेट कुणाला जास्त वर्षं मिळतात... आत्या मधे बसून ऐकत होती. मग तिने आयफोन हातात घेतला, पडद्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "छान आहे रे, पण यात माझी माणसं कुठायत?" अँड्रॉइड घेतला. "यातही नाहीत."

दोघं गप्प. खरं म्हणजे माणसं दोन्हीकडे होती, नावांच्या यादीत. पण आत्या यादी वाचत नव्हती, ती जागा ओळखत होती. "मिसळणाच्या डब्यात हळद कुठेय ते मी बघते का? हात आपोआप जातो," ती म्हणाली.

उठली ती नात. तिने पिवळा फोन अँड्रॉइडच्या शेजारी ठेवला. नव्या फोनच्या पहिल्या पानावरचं सगळं काढून टाकलं आणि एकेक माणूस जुन्याच जागी आणून बसवला. फोटोही तेच. आयफोनच्या पहिल्या पानावर अशी माणसं मांडायची सरळ सोय तेव्हा नव्हती. आत्याने फोन घेतला, खाली कोपऱ्यात बोट ठेवलं. "उद्या अर्धा लिटर जास्त टाक रे, पोरं आलीयत." झालं! फोन ठरला.

म्हणून म्हणतो, जीव कंपनीत नसतो, जागेत असतो. बोटाला ठाऊक असलेल्या जागेत. आयफोनवाले अँड्रॉइडवर जाताना कुरकुरतात आणि अँड्रॉइडवाले आयफोनवर, त्याचं मोठं कारण हेच. दुसरं कारण जुन्या गप्पांचं. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅप गप्पा आयफोनवर न्यायची अधिकृत वाट 2022 मध्ये खुली झाली. त्याआधी कैक जण तेवढ्यासाठी फोन बदलत नसत. आणि माणसांचे फोटो मांडायचं म्हणाल, तर आयफोनवरही 2021 पासून संपर्कांचं विजेट, म्हणजे माणसं पहिल्या पानावर मांडायची चौकट आहे. म्हणजे आज आत्याला आयफोनही चालला असता.

आणखी एक. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातातून "द्या इकडे, मी करतो" म्हणत फोन काढून घेऊ नका. फोन त्यांच्याच हातात राहू द्या, तुम्ही शेजारी बसून सांगा. वेळ लागेल, लागू द्या.

आणि घरात कुणाचा फोन बदलणार असाल, तर आधी जुन्या फोनच्या पहिल्या पानाचा फोटो काढून ठेवा. जुना फोन विकण्याआधी, बरं का, आधी. मग तो फोटो समोर ठेवून नवा फोन लावा. कोण कुठे, कुठलं अ‍ॅप कुठे, अगदी तसंच. अक्षरं मोठी करा, मेनू मराठीत हवा का ते विचारा. दुकानदार घाई करेल, तेव्हा हे काम घरी आणून निवांत करा. नमस्कार.