मोटर कंट्रोलरचं पेरिफेरल करताना

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज ज्या डिझाइनबद्दल बोलणार आहे, त्याच्या जवळपासचं काहीतरी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केलेलं असेल. झिंक-७००० चा बोर्ड. चिपच्या एका बाजूला एआरएमचे दोन कॉर्टेक्स-ए९ कोअर, दुसऱ्या बाजूला एफपीजीएचं, म्हणजे आपल्याला हवं तसं जोडता येणारं, लॉजिक, आणि त्या लॉजिकमध्ये थ्री-फेज मोटर फिरवणारा कंट्रोलर. फाइली मोजक्याच आहेत: पीडब्ल्यूएम (चालू-बंद पल्सच्या रुंदीवरून मोटरला व्होल्टेज देणारं मॉड्यूल), डेड टाइम, एन्कोडर (मोटर किती फिरली ते सांगणारा सेन्सर) वाचणारं मॉड्यूल, साइन टेबलची एक मेमरी फाइल आणि सगळ्यांत मिळून वापरलेले स्थिरांक ठेवणारी एक हेडर फाइल. सिम्युलेशनमध्ये सगळं चालतंय. आता प्रोसेसरवर सी लिहिणाऱ्या माणसाला हे एका पेरिफेरलच्या, म्हणजे रजिस्टरांतून वापरता येणाऱ्या जोड-हार्डवेअरच्या, रूपात द्यायचं आहे, आणि त्याला आतली एकही फाइल उघडावी लागता कामा नये. माझ्या मते पॅकेजिंगचं, म्हणजे या फाइली एका गठ्ठ्यात बांधण्याचं, खरं काम हेच आहे. कुठलं बटण कधी दाबायचं हे अर्ध्या तासात येतं. बाहेर काय दाखवायचं आणि आत काय ठेवायचं, हे ठरवायला मात्र बसून विचार करावा लागतो.

विवाडो हे या चिपसाठीचं डिझाइन-टूल. त्याचा विझार्ड आपल्याला ॲक्सी४-लाइटचा, म्हणजे प्रोसेसर आणि लॉजिक जोडणाऱ्या बसचा, सांगाडा देतो. त्यात दोन फाइली असतात. एक वरचं आवरण, आणि दुसरी बसशी बोलणारी, जिच्यात पत्ता, डेटा आणि उत्तर यांचे पाचही चॅनल सांभाळलेले असतात आणि ३२ बिटांची चार रजिस्टरं तयार मिळतात. 'इथे तुमचं लॉजिक टाका' अशी कॉमेंट त्या दुसऱ्या फाइलमध्ये असते, म्हणून बहुतेक मुलं सगळं तिथेच कोंबतात. तसं करू नका. बसच्या फाइलमधून रजिस्टरांच्या किमती पोर्ट म्हणून बाहेर काढा आणि तुमचा कंट्रोलर वरच्या आवरणात जोडा. उद्या बस बदलली, रजिस्टरं वाढली, विझार्ड पुन्हा चालवावा लागला, तरी कंट्रोलरच्या फाइलींना हात लागत नाही. आणखी एक गोष्ट. ॲक्सीचा रिसेट शून्यावर सक्रिय होतो. आपली मॉड्यूलं एकवर होणारी असतील, तर तो आवरणात एकदाच उलटा करा. प्रत्येक फाइलमध्ये वेगळा उलटा केला, की एखादी सुटतेच.

आता रजिस्टरांकडे येऊ. पत्ते बाइटमध्ये: शून्यावर चालू-बंद, ४ वर पीरियड, ८ वर ॲम्प्लिट्यूड, १२ वर एन्कोडरची मोजणी. क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असेल आणि पीरियडमध्ये ५००० लिहिलं, तर २० किलोहर्ट्झ मिळतात. एन्कोडरची मोजणी फक्त वाचायची आहे. म्हणून वाचण्याच्या मल्टिप्लेक्सरमध्ये जिथे चौथं रजिस्टर बाहेर येतं, तिथे त्याच्या जागी काउंटरची तार लावायची. एका ओळीचा बदल आहे. तो राहिला, तर सॉफ्टवेअरने लिहिलेलंच सॉफ्टवेअरला परत वाचायला मिळतं.

पीरियड आणि ॲम्प्लिट्यूड ही दोन वेगळी रजिस्टरं आहेत, म्हणजे प्रोसेसर ती एकामागून एक लिहिणार. त्या दोन लिखाणांच्या मध्ये पीडब्ल्यूएमचं एखादं आवर्तन नव्या पीरियडवर आणि जुन्या ॲम्प्लिट्यूडवर निघून जाऊ शकतं, आणि मोटरला तो झटका बसतो. म्हणून दोन्ही किमती आधी सावली-रजिस्टरांत घ्या, आणि सॉफ्टवेअरने 'आता लागू कर' असा बिट दिला की आवर्तन संपताना दोन्ही एकदमच आत सोडा. शून्यावरच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये त्या बिटाला भरपूर जागा आहे.

आणि डेड टाइम? वरचा आणि खालचा मॉस्फेट एकाच वेळी चालू झाले तर सप्लाय सरळ शॉर्ट होतो. तो धोका टाळण्यासाठी एक बंद होणं आणि दुसरा चालू होणं यांच्यामध्ये थोडा वेळ सोडतो, तो हा. १०० मेगाहर्ट्झवर १ मायक्रोसेकंद म्हणजे १०० क्लॉक. त्यासाठी पाचवं रजिस्टर देणं सोपं आहे, आणि सी लिहिणारे ते मागतातही. मी ते कधीच देणार नाही. सॉफ्टवेअरच्या एका चुकीच्या पॉइंटरने तिथे शून्य लिहिलं गेलं, तर इन्व्हर्टर जळेल. डेड टाइम हा पॅरामीटर हवा, बिटस्ट्रीम (एफपीजीएत भरायची फाइल) बनवतानाच पक्का होणारा. विवाडोच्या पॅकेजरमध्ये त्याला किमान आणि कमाल मर्यादा घालता येते. किमान ५० ठेवलं, की ब्लॉक डिझाइनमध्ये, म्हणजे ब्लॉक एकमेकांना जोडण्याच्या नकाशात, कुणी शून्य टाकायला गेला तर टूलच त्याला अडवतं. आतल्या लॉजिकचं रक्षण पॅकेजच्या हद्दीवरच होतं ते असं.

आता फाइलींविषयी. विवाडो २०१२ मध्ये आलं. त्याआधीच्या ईडीके या टूलमध्ये पेरिफेरलच्या सगळ्या एचडीएल (हार्डवेअर लिहिण्याच्या भाषेतल्या) फाइली पीएओ नावाच्या फाइलमध्ये क्रमाने हाताने लिहाव्या लागत. आज ते काम कंपोनेंट डॉट एक्सएमएल करते. ती आयपी-एक्सॅक्ट, म्हणजे आयईईई १६८५ या मानकातली साधी मजकूर-फाइल आहे. पॅकेज झालं की ती एडिटरमध्ये उघडा आणि फाइलींची यादी वाचा. एखाद्या मार्गाच्या सुरुवातीला दोन टिंबं आणि तिरकी रेघ दिसली, तर ती फाइल पॅकेजच्या फोल्डरबाहेर आहे. तुमच्या मशिनवर ती सापडेल, दुसऱ्याच्या मशिनवर सापडणार नाही. म्हणून फाइली जोडतानाच 'आयपीच्या डिरेक्टरीत कॉपी करा' ही खूण करायची. आयपी म्हणजे पॅकेज केलेला ब्लॉक. सिंथेसिस (कोडवरून सर्किट बनवणं) आणि सिम्युलेशन हे फाइलींचे दोन गट वेगळे असतात. फाइल दोन्हीत आहे ना, तेही पाहायचं.

सगळ्यात जास्त रडवते ती साइन टेबलची फाइल. कोडमध्ये तिचा मार्ग तुमच्या प्रोजेक्टच्या हिशेबाने लिहिलेला असतो. पण पॅकेज केलेल्या आयपीचं सिंथेसिस सहसा वेगळं, स्वतःच्या फोल्डरात चालतं, आणि तिथून तो मार्ग कुठेच जात नाही. मग टेबल रिकामं राहतं, सिंथेसिस फक्त एक इशारा देऊन पुढे जातं, आणि मोटर गप्प बसते. कोडमध्ये नुसतं फाइलचं नाव ठेवा आणि ती फाइल पॅकेजमध्ये मेमरी फाइल म्हणून नोंदवा. हेडर फाइलचंही तसंच: ती गटात नसेल तर स्थिरांक सापडत नाहीत, पण तिथे निदान त्रुटी स्पष्ट येते.

वरच्या आवरणात पोर्ट किंवा पॅरामीटर बदलला, की पॅकेजरमधल्या त्या पायऱ्यांवरची हिरवी खूण जाते आणि बदल विलीन करण्याची लिंक दिसते. ती दाबून पुन्हा पॅकेज करा. मग मूळ प्रोजेक्टमध्ये आयपीची स्थिती तपासून अपग्रेड करा. ही शेवटची पायरी राहिली तर बिटस्ट्रीम जुन्याच लॉजिकची बनते, आणि माणूस तासन्‌तास नव्या कोडमध्ये दोष शोधत राहतो.

पॅकेज खरंच पूर्ण आहे का, हे कळायला माझ्याकडे एकच कसोटी आहे. ते फोल्डर दुसऱ्या मशिनवर न्या, जिथे तुमचा मूळ सोर्स नाही. नवा प्रोजेक्ट, आयपी रिपॉझिटरीत ते फोल्डर, ब्लॉक डिझाइनमध्ये प्रोसेसरच्या पहिल्या जीपी (सर्वसाधारण वापराच्या) पोर्टला जोडणी, आणि सिंथेसिस. टूल बहुधा ४३सी००००० या हेक्स पत्त्यावर ६४ किलोबाइटची जागा देईल. तिथून १२ पुढे वाचा, एन्कोडर हाताने फिरवा, परत वाचा. आकडा बदलला पाहिजे.

उद्या करंट मोजणीचं रजिस्टर लागलं, तर ते १६ वर, यादीच्या शेवटी जोडा. एन्कोडर १२ वरून हलवू नका, कारण आधी लिहिलेला प्रत्येक सी प्रोग्रॅम तो तिथेच शोधणार आहे. चार रजिस्टरांच्या सांगाड्यात पत्त्याची रुंदी ४ बिट असते, ती ५ करावी लागेल. ते विसरलं तर १६ वरचं वाचन गुंडाळून शून्यावर येतं, आणि करंटच्या जागी चालू-बंदचा बिट हाती पडतो.