पिशवी काढायच्या आधी

[पहाट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलेला संसार, हंडे, गाठोडी, पोरं.]

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. धारूर, वडवणी, केज, शिरूर कासार, कुठंही जाऊन बघा, घराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी माणसं. बाकी सगळे ऊसतोडीला गेलेले, कुणी सांगली, सातारा, कोल्हापूरकडं तर कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांचा हिशोब एकत्रच, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते त्यामुळं पाच-सहा महिने काम करून ती फेडायची. मधेच खाडा झाला तर दंड. बऱ्याच टोळ्यांमध्ये दिवसाला ५०० रुपये कापतात असं बायकांनी अनेक वेळा जाहीरपणे सांगितलंय.

आता या सगळ्यात पाळीचं काय करायचं सांगा. कोपीपाशी, म्हणजे फडाजवळच्या झोपडीपाशी, संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं, रात्री उशिरापर्यंत गाडी भरायची आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. त्यात जिचं वय चाळिशीकडं झुकलंय, जिची पाळी पूर्वी चार दिवसांत आटपायची आणि आता आठ-दहा दिवस चालते, रक्ताच्या गाठी पडतात, ती बाई काय करते? हंगामभर अंगावर काढते. उन्हाळ्यात गावी आली की दवाखान्यात जाते. आणि तिथं तिला सांगतात की पिशवी, म्हणजे गर्भाशय, खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.

२०१९ साली हा विषय विधान परिषदेत आला. नीलम गोऱ्हे यांनी प्रश्न मांडला आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्यात. मग गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा. देशभराच्या २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत हाच आकडा शंभरात तीनच्या आसपास होता. आणि या बीडच्या बायकांत कितीतरी जणी तिशीतल्या.

[सरकारी दवाखान्यातली रांग.]

पण हे फक्त फडातलं दुखणं आहे असं समजू नका. पुण्यात, ठाण्यात, नाशकात, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या बायकांनाही हे वाक्य ऐकवलं जातंच की, "मुलं झाली ना, मग आता पिशवीचा काय उपयोग?" घरातली मोठी जाऊ सांगते, शेजारच्या काकू सांगतात, मी काढली, सुटले बाई. आणि ज्यांना खरंच सुटका मिळालीय त्यांचं म्हणणं खोटं नाहीये, ते आपण पुढं बघूच. आम्हाला खटकतं ते वेगळंच आहे. अंगावर काढणं आणि पिशवी काढणं या दोन टोकांच्या मधे इतके उपाय आहेत, आणि ते त्या बाईला कुणी सांगितलेच नाहीत. तिनं ऐकून नको म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

आधी जास्त जाणं म्हणजे किती ते बघू. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं. ८० मिलीच्या वर गेलं तर जास्त असं अभ्यासात धरायचे, पण घरी कोण मापून बघणार? म्हणून हल्ली डॉक्टरही असंच विचारतात की त्यामुळं तुमचं रोजचं जगणं अडतंय का. तास-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, रात्री उठावं लागतं, मोठ्या गाठी पडतात, सात दिवसांच्या वर चालतं, ऑफिसात खुर्चीवरून उठायची भीती वाटते, लग्नाला जाताना गडद साडीच नेसावी लागते. यातलं काहीही असेल तर ते जास्तच आहे. "या वयात होतंच असं" म्हणून गप्प बसायचं नाही.

हो, या वयात होतं हे मात्र खरं. आपल्याकडं पाळी साधारण ४६-४७ च्या सुमाराला जाते आणि त्याआधी काही वर्षं अंडाशयाचं काम अनियमित होतं. एखाद्या महिन्यात अंडं तयारच होत नाही, मग प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनत नाही, पिशवीच्या आतलं अस्तर नुसतं वाढत राहतं आणि मग एकदम धो धो जातं. पण तेवढंच एक कारण नसतं. फायब्रॉइडच्या गाठी असतात, अस्तराला पॉलिप असतो, अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरतं त्याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात आणि त्यात दुखतंही खूप. थायरॉइड बिघडलेलं असू शकतं, तांबी बसवलेली असू शकते, रक्त पातळ करायची गोळी चालू असू शकते. आणि थोड्या जणींमध्ये अस्तराचा कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था. म्हणून आधी कारण शोधा.

तपासण्या काही फार मोठ्या नाहीत. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी, पॅप स्मिअर म्हणजे पिशवीच्या तोंडाची तपासणी, आणि चाळिशीनंतर सहसा अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासतात, ती बायॉप्सी. कॅन्सरची भीती घातली जाते ना, तिचं उत्तर याच बायॉप्सीत आहे. कॅन्सर होईल असं कुणी म्हणालं तर विचारा, बायॉप्सी केली का, रिपोर्ट कुठंय. नुसतं पांढरं जातंय किंवा सोनोग्राफीत पिशवीला सूज दिसतीय एवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही. आणि गाठ दिसली म्हणजे काढायचीच असंही नाही, अस्तराला चिकटलेली हरभऱ्याएवढी गाठ रक्ताचे पाट वाहवते आणि बाहेरच्या बाजूला असलेली संत्र्याएवढी गाठ काहीच त्रास न देता वर्षानुवर्षं पडून असते.

[औषधाचं दुकान. गोळ्यांची पाकिटं.]

आता उपाय. सगळ्यात साधी गोळी म्हणजे ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड. ही हार्मोनची गोळी नाही हे आधी लक्षात घ्या, कारण हार्मोन म्हटलं की निम्म्या जणी तिथंच थांबतात. रक्ताची जी गुठळी आपोआप बनते ती लवकर विरघळू नये एवढंच ती करते. जपानमध्ये उताको ओकामोटो नावाच्या डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं हे औषध १९६२ साली जगासमोर आणलं, बाळंतपणात रक्तस्रावानं बायका मरू नयेत हा त्यांचा ध्यास होता. जास्त जातं तेवढे चारपाच दिवसच घ्यायची आणि बऱ्याच जणींचं जाणं निम्म्याच्या आसपास कमी होतं. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती अशांनी मात्र घ्यायची नाही, आणि बाकीच्यांनीही डॉक्टरला विचारूनच. सोबत दुखत असेल तर मेफेनॅमिक अ‍ॅसिड, त्यानं दुखणं थांबतं आणि रक्तही थोडं कमी होतं.

मग हार्मोनच्या गोळ्या. सणाला, पूजेला पाळी पुढं ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉन सगळ्यांना माहितीय, तीच डॉक्टर वेगळ्या हिशोबानं देतात. आणि एक आपल्याकडचीच गोळी आहे, ऑर्मेलोक्सिफीन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली, १९९१ साली सहेली नावानं बाजारात आली आणि आता सरकारी आरोग्य केंद्रात छाया नावानं फुकट मिळते, ती गर्भनिरोधक म्हणून. पण जास्त जाण्यावरही आपल्याकडचे डॉक्टर ती देतात, आठवड्यातून दोनदा, काही आठवड्यांनी एकदा. रोज लक्षात ठेवायची कटकट नाही. तिनं पाळी लांबते, मग बायका घाबरतात, ते आधीच सांगून ठेवायला पाहिजे.

आणि मग आपल्याकडं जिचं नाव फारच कमी जणींनी ऐकलंय ती, हार्मोनची तांबी. मिरेना वगैरे नावं असतात. साध्या तांबीनं जाणं वाढतं, हिच्यानं एकदम उलटं होतं. पिशवीच्या आत बसते, लिव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन अगदी थोडं थोडं तिथल्या तिथं सोडत राहते, अस्तर पातळ होतं, आणि रक्त ९० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. पाचातल्या एकीची पाळी वर्षभरात बंदच होते. जास्त जाण्यासाठी एकदा बसवली की ५ वर्षं काम करते. पण, आणि हे पण फार महत्त्वाचं आहे, पहिले तीन ते सहा महिने थोडं थोडं, कधीही, डाग पडत राहतात. हे जिला आधी सांगितलेलं नसतं ती दुसऱ्या महिन्यात काढून टाका म्हणत येते, आणि मग गावभर पसरतं की तांबी वाईट. खासगीत काही हजार रुपये एकदम लागतात, तेही खरं.

फिनलंडमध्ये ३५ ते ४९ वयाच्या २३६ बायकांवर एक अभ्यास झाला होता, सगळ्यांना जास्त जायचं. चिठ्ठ्या टाकल्यासारखं निम्म्यांना ही तांबी आणि निम्म्यांना पिशवी काढायचं ऑपरेशन असं वाटून दिलं. पाच वर्षांनी बघितलं तर दोन्ही गटांचं समाधान जवळपास सारखंच. तांबीवाल्यांपैकी ४२ टक्के जणींनी पुढं ऑपरेशन करून घेतलं होतं. म्हणजे सगळ्यांना ती पुरली नाही, पण निम्म्याहून जास्त जणींची पिशवी वाचली. आम्हाला वाटतं हा आकडा प्रत्येक बाईला दाखवावा आणि मग तिला ठरवू द्यावं.

छोट्या प्रक्रियाही आहेत. दुर्बिणीतून पॉलिप किंवा आतली गाठ काढता येते, बऱ्याचदा त्याच दिवशी घरी. अस्तर जाळून टाकायची अ‍ॅब्लेशन असते, ज्यांना पुढं मूल नकोय त्यांच्यासाठीच, कारण नंतर गर्भ राहिला तर धोका असतो. नुसत्या गाठी काढणं, गाठीचा रक्तपुरवठा तोडणं, हेही मोठ्या शहरांत होतं.

आता पिशवी काढणं. यानं पाळी कायमची थांबते यात शंका नाही, आणि कॅन्सर असेल, खूप मोठ्या गाठी असतील, बाकी सगळं करून झालं असेल, तर ते योग्यच ऑपरेशन आहे. पण मोठं ऑपरेशन आहे. पोटावरून केलं तर सहा आठवडे जड उचलायचं नाही, आणि मोळी उचलणाऱ्या बाईला सहा आठवडे कोण देणार? सगळ्यात मोठा प्रश्न अंडाशयांचा आहे. पिशवीसोबत तीही काढली, तर वय ३५ असलं तरी पाळी जाण्याचा सगळा त्रास दुसऱ्या दिवसापासून चालू, अंगातून वाफा, झोप उडणं, पुढं हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका. अंडाशयं ठेवली तरी ती थोडी आधीच थकू शकतात.

म्हणून तोलायचं ते आपापल्या आयुष्याकडं बघून. जी ४९ ची आहे आणि हिमोग्लोबिन ठीक आहे तिला गोळ्यांवर काही महिने निभावता येईल, पाळी जायलाच आलीय. जी ४० ची आहे तिच्यापुढं अजून सहा-सात वर्षं आहेत, तिनं तांबीचा विचार जरूर करावा. जिला अ‍ॅडिनोमायोसिसनं दर महिन्याला लोळावं लागतं, औषधं करून थकलीय, तिनं ऑपरेशन ठरवलं तर तिला कुणी नावं ठेवू नयेत. आणि जी फडात आहे तिला तर संडास, पाणी आणि पाळीच्या दिवसात दंडाशिवाय सुट्टी हाही उपचारच आहे, तो दवाखान्यात मिळत नाही, कारखान्यानं आणि सरकारनं द्यायचाय.

काहीही ठरवा, रक्त भरून काढणं मात्र त्याच दिवशी चालू करा. राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. लोहाची गोळी चहासोबत नको, आणि गोळी सोसत नसेल तर सलाईनमधून लोह देतात. तासाला पॅड भिजतंय, चक्कर येतीय, असं असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी तपासून घ्यायचंच.

[न्यायालयाची इमारत, मग पुन्हा गावातला ओटा.]

चित्तोडगडचे डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी नको तिथं होणाऱ्या या ऑपरेशनांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या बायकांसाठी. एप्रिल २०२३ मध्ये निकाल लागला, केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असा. त्यात जिल्ह्यापासून देशापर्यंत देखरेख समित्या आहेत. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला संकोच करू नका.

आणि ज्यांची पिशवी आधीच काढली गेलीय त्या ताईंसाठी. ट्रंकेतला, फडताळातला तो डिस्चार्जचा कागद शोधा. अंडाशयं ठेवलीत की काढलीत ते त्यावर लिहिलेलं असतं, वाचता येत नसेल तर आशाताईंना दाखवा, कागदच नसेल तर दवाखान्यातून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. काढली असतील आणि तुमचं वय ४५ च्या आत असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागात जाऊन विचारा की मला हार्मोनची गोळी लागेल का, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व किती घेऊ, हाडांची तपासणी कधी करू. ऑपरेशनला चार वर्षं झाली असली तरी जा.