विहिरीपाशी ठेवलेलं नाव

श्रोतेहो, नमस्कार. आणि मंडळीतल्या ऐकणाऱ्यांना सलाम.

नगर-पुणे रस्त्यानं जाताना पुढच्या टेम्पोच्या पाठीवर तुम्ही कधी तरी वाचलं असेल, ‘यहोवा यिरे’. किराणा दुकानाच्या पाटीवर, रिक्षाच्या काचेवर, बंगल्याच्या फाटकावर ‘यहोवा निस्सी’, ‘एल शद्दाय’, ‘यहोवा शालोम’. ज्यांच्या घरात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आहे त्यांना देवाची ही नावं नवी नाहीत. रविवारच्या शाळेत मुलांकडून ती एका दमात म्हणून घेतात. यिरे म्हणजे पुरवणारा, राफा म्हणजे बरं करणारा, निस्सी म्हणजे माझा झेंडा, शालोम म्हणजे शांती. झाला अर्थ सांगून. आजचं भाषण इथंच आवरलं असतं तरी कुणी तक्रार केली नसती.

पण नुसता अर्थ पाठ करून ही नावं निम्मीच कळतात. कुणी देवाच्या गुणांची यादी करायला बसलं आणि ती तयार झाली, असं घडलेलं नाही. कुणीतरी कोंडीत सापडलं, काही घडलं, आणि मग त्या माणसाच्या तोंडून नाव निघालं. प्रसंग आधी, नाव मागाहून. हे मी आज पुन्हा म्हणणार आहे, कारण रेडिओवर पान मागं उलटता येत नाही.

आधी मुख्य नावाचं सांगून मोकळा होतो. हिब्रूत ते चार अक्षरांचं आहे: योद, हे, वाव, हे. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, सुमारे 6,800 वेळा येतं. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे यानं जळत्या झुडपापाशी देवाला त्याचं नाव विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘मी आहे तो आहे’. या उत्तराशी त्या चार अक्षरांचं नातं आहे. यहूदी लोक हे नाव उच्चारत नाहीत, तिथं ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, असं वाचतात. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. हिब्रू लिहिताना पूर्वी व्यंजनंच लिहीत. पुढं मासोरेत म्हणवणाऱ्या पंडितांनी स्वरांच्या खुणा घातल्या, तेव्हा या चार अक्षरांना त्यांनी ‘अदोनाय’चे स्वर दिले, वाचणाऱ्याला आठवण राहावी म्हणून. नंतरच्या ख्रिस्ती वाचकांनी व्यंजनं आणि स्वर एकत्र वाचले आणि ‘यहोवा’ हा उच्चार रूढ झाला. मूळ उच्चार ‘याहवे’ असावा असं अभ्यासक मानतात. आपल्या मराठी शास्त्रात तिथं ‘परमेश्वर’ छापलेलं असतं.

2008 साली व्हॅटिकननं जगभरच्या कॅथलिक बिशपांना पत्र पाठवून कळवलं की उपासनेत आणि गीतांत ‘याहवे’ हा उच्चार करू नये. मी कॅथलिक नाही, तरी मला ते पत्र आवडलं. हल्ली कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे आपल्या मोठ्या प्रार्थनासभांत, कीबोर्डच्या दणदणाटात हे नाव ज्या सुरात ओरडतात, तो सूर समोर माईक आहे हे विसरलेल्या माणसाचा वाटतो. असो. ‘हालेलुया’तलं शेवटचं ‘या’ हे त्याच नावाचं आखूड रूप आहे. ते कुणी अडवलेलं नाही.

आता मला सांगायला फार आवडते ती गोष्ट. नेहमी ऐकणारे म्हणतील, आली पुन्हा हागार. आली.

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, सोळावा अध्याय. अब्राम आणि साराय यांना कनान देशात येऊन दहा वर्षं झालेली. अब्राहाम आणि सारा ही नावं त्यांना पुढच्या अध्यायात मिळतात. घरात गुरंढोरं आहेत, नोकरचाकर आहेत, मूल नाही. सारायची एक मिसरी, म्हणजे इजिप्तची, दासी आहे, हागार. मागं दुष्काळात हे कुटुंब मिसर देशात गेलं होतं, तेव्हा अब्रामाला मेंढरं, गुरं, गाढवं आणि दासदासी मिळाल्याचं बाराव्या अध्यायात आहे. हागार त्यातलीच असावी असं बरेच जण मानतात. मेंढरं, गुरं, गाढवं, दासी. एवढीच तिची किंमत.

साराय नवऱ्याला म्हणते, माझ्या दासीपाशी जा, तिच्याकडून तरी माझं घर नांदतं होईल. अब्राम ऐकतो. हागारेला कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. तिला दिवस गेले, आणि मग व्हायचं तेच झालं. दासीला मालकीण कमी वाटायला लागली. साराय संतापली, पण कुणावर? नवऱ्यावर. माझ्यावरचा अन्याय तुझ्या माथी! आणि अब्राम, ज्याला आपण विश्वासणाऱ्यांचा बाप म्हणतो तो अब्राम, काय म्हणतो? तुझी दासी तुझ्या हाती आहे, तुला बरं दिसेल तसं कर. हात झटकले. घरात बायकांचं पेटलं की वर्तमानपत्र डोळ्यांपुढं धरणारे पुरुष तुम्ही पाहिलेच असतील.

सारायनं तिला जाच केला. काय जाच केला ते शास्त्र सांगत नाही. घरापेक्षा रान बरं असं एका पोटुशी बाईला वाटलं, यावरून काय ते समजा.

ती पळाली. शूरच्या वाटेनं पळाली, आणि शूरची वाट मिसरकडं जाते. म्हणजे बाई आपल्या मुलखाकडं निघाली होती. वाटेत पाण्याचा एक झरा लागला. तिथं परमेश्वराच्या दूतानं तिला गाठलं आणि हाक मारली: हागारे, सारायच्या दासी, तू आलीस कुठून आणि जातेस कुठं?

इथं जरा थांबू. उपासनेत शास्त्रपाठ वाचणाऱ्यांना माझी जुनी विनंती आहे, एस.टी. चुकेल अशा घाईनं वाचू नका. हे वाक्य घाईत निसटतं. अध्याय सुरू झाल्यापासून अब्रामाच्या किंवा सारायच्या तोंडी तिचं नाव एकदाही आलेलं नाही. सारायसाठी ती ‘माझी दासी’, अब्रामासाठी ‘तुझी दासी’. पुढं एकविसाव्या अध्यायात सारा तिला हाकलून द्यायला सांगते, तेव्हाही ‘ही दासी’. गोष्ट सांगणारा तिला हागार म्हणतो, घरचे म्हणत नाहीत. तिला नावानं पहिली हाक येते ती देवदूताकडून, आणि तीही रानात.

प्रश्न दोन होते. कुठून आलीस, कुठं जातेस. तिनं उत्तर एकाचंच दिलं: माझी मालकीण साराय हिच्यापासून मी पळून चालले आहे. कुठं जातेस, याला उत्तर नाही. त्या झऱ्यापासून पुढं कुठं जायचं हे तिला तरी कुठं ठाऊक होतं?

देवदूत म्हणतो, परत जा आणि मालकिणीच्या हाताखाली राहा. इथं पुष्कळ जणांचा घास अडकतो. माझाही अडकतो, आणि तो गिळायला सोपा करून देणारी प्रवचनं मला आवडत नाहीत. जाच करणाऱ्या घरी बाईला परत धाडायला हे वचन दाखला म्हणून वापरणारे मी ऐकले आहेत. तसं करू नये. हागारेला परत जाताना जे वचन मिळालं, ते देणं आपल्या हाती नाही. वचन असं: तुझी संतती मोजता येणार नाही इतकी होईल. तुला मुलगा होईल, त्याचं नाव इश्माएल ठेव, कारण परमेश्वरानं तुझं दुःख ऐकलं आहे. इश्माएल म्हणजे देव ऐकतो. आणि तो माणसांमध्ये रानगाढवासारखा होईल. आपल्याला ही शिवी वाटते. पण ज्या बाईचं आयुष्य दुसऱ्याच्या दावणीला गेलं, तिला कुणी सांगितलं की तुझ्या मुलाला कुणाला बांधता येणार नाही, तर तिच्या कानांना ती शिवी लागली असेल का?

आणि मग हागार बोलते. आपल्याशी बोलणाऱ्या परमेश्वराला ती नाव देते. म्हणते, तू एल रोई आहेस. एल म्हणजे देव. एल रोई, पाहणारा देव, मला पाहणारा देव.

परदेशी बाई. दासी. पळून आलेली. पोटुशी. तिनं देवाला नाव दिलं, आणि पवित्र शास्त्रानं ते जपून ठेवलं. अब्रामानं घरात काय चाललंय ते पाहिलं नव्हतं, म्हणून तिला पाहणारा भेटल्याचं एवढं अप्रूप. प्रसंग आधी, नाव मागाहून.

त्या ठिकाणच्या विहिरीला बैर-लहाय-रोई म्हणू लागले, मला पाहणाऱ्या जिवंत देवाची विहीर. कादेश आणि बेरेद यांच्या दरम्यान ती आहे असं शास्त्र पत्ता देऊन सांगतं. आपल्याकडंही विहिरींना नावं असायची. पाटलाची विहीर, गोसाव्याची विहीर, चिंचेची विहीर. कुणी खणली, कुणाचं पाणी तुटलं, सगळं त्या नावात असायचं. बोअरवेलला कुणी नाव ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही. सहा इंचांचं भोक, त्यात पाइप, वर मोटर. पाणी लागलं तर लागलं, नाहीतर शेजारी दुसरं भोक. विहिरी बुजवून आपण काय काय बुजवलं याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. असो, भरकटलो.

गोष्टीचं शेपूट राहिलं, आणि माझ्या मते खरी गंमत तिथं आहे. पन्नासाहून अधिक वर्षांनी, चोविसाव्या अध्यायात, इसहाकासाठी नवरी म्हणून रिबका उंटावरून येते. संध्याकाळी इसहाक शेतात गेलेला. तो कुठून आला होता? शास्त्र म्हणतं, बैर-लहाय-रोईकडून. पंचविसाव्या अध्यायात अब्राहामाला मूठमाती दिल्यावर इसहाक राहायला जातो तोही तिथंच. इसहाक म्हणजे साराचा मुलगा. ज्याच्यासाठी सारानं हागारेला आणि तिच्या पोराला एक भाकर आणि पाण्याची मसक देऊन बाहेर काढायला लावलं, तो. दासीनं नाव ठेवलेल्या विहिरीचं पाणी मालकिणीचा मुलगा पीत होता. शास्त्र यावर अवाक्षर बोलत नाही, नुसतं गावाचं नाव लिहून पुढं जातं.

वेळ भरत आली. बाकीची नावं भराभर सांगतो, पण एक गोष्ट नीट ऐका. यिरे, निस्सी, शालोम, शम्मा ही आपण देवाची नावं म्हणून पाठ करतो. शास्त्र उघडून पाहिलंत तर ‘यहोवा यिरे’ हे अब्राहामानं मोरियाच्या डोंगरावरच्या जागेला दिलेलं नाव आहे, मुलाऐवजी अर्पण करायला झुडपात अडकलेला एडका सापडला त्या जागेला. ‘यहोवा निस्सी’ हे मोशेनं अमालेकाशी लढाई झाल्यावर बांधलेल्या वेदीचं नाव. ‘यहोवा शालोम’ हे गिदोनाच्या वेदीचं, आणि तो गिदोन मिद्यान्यांच्या भीतीनं द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. ‘यहोवा शम्मा’, म्हणजे परमेश्वर तिथं आहे, हे तर यहेज्केलाच्या पुस्तकातल्या शेवटच्या वचनात एका नगराचं नाव आहे, आणि ते लिहिणारा स्वतः बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदिवान होता. जागा, वेदी, वेदी, नगर. देवाला समोरासमोर ‘तू अमुक आहेस’ म्हणून नाव देणारी हागार. म्हणून टेम्पोवर यिरे लिहिणाऱ्याला मी हसत नाही. त्यानं ते नाव एका जागी चिकटवलंय, आणि पहिल्यापासून रीत तीच आहे. हप्ते फिटल्यावर लिहिलं असेल तर फारच उत्तम. प्रसंग आधी, नाव मागाहून. माझा राग आहे तो आजारी माणसाच्या उशाशी ‘राफा’ इतक्या वेळा म्हणा असं सांगणाऱ्यांवर. नाव म्हणजे काढ्याचा डोस नव्हे.

ही सगळी नावं ख्रिस्ती माणूस येशूवर नजर ठेवून वाचतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्या चार अक्षरांच्या जागी ‘प्रभू’ असा शब्द आला, आणि नव्या करारानं तोच शब्द येशूला लावला. येशू या नावाचाच अर्थ परमेश्वर तारण करतो असा आहे, आणि मत्तय सुरुवातीलाच इम्मानुएल हे नाव आठवतो, आम्हांबरोबर देव. पण मला विचाराल तर योहानाचा चौथा अध्याय काढा. सुखार गावाजवळ याकोबाची विहीर, भर दुपार, पाण्याला आलेली एकटी शोमरोनी बाई. यहूदी तिच्या हातचं काही घेत नसत. ती म्हणते, मशीहा येणार आहे हे मला ठाऊक आहे. येशू म्हणतो, तुझ्याशी बोलत आहे तो मीच तो आहे. ग्रीकमध्ये ते ‘मी आहे’ असेच शब्द आहेत, झुडपापाशी मोशेनं ऐकलेल्या उत्तराची आठवण करून देणारे. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडी ते शब्द पहिल्यांदा येतात ते इथं. याजकापुढं नाहीत, शिष्यांपुढंही नाहीत. बाई घागर तिथंच टाकून गावात पळाली, आणि लोकांना सांगत सुटली की मी केलेलं सगळं त्यानं मला सांगितलं.

घरी गेल्यावर उत्पत्तीचा सोळावा अध्याय काढा. सोळाच वचनं आहेत, आणि मोठ्यानं वाचा, सावकाश. पुढच्या भाषणात हन्ना आणि तिनं ज्याला हाक मारली तो सेनाधीश परमेश्वर. मुलासाठी रडणाऱ्या बाईला सैन्यांचा देव का आठवावा, ते तेव्हा बोलू. नमस्कार.